अंगावरच्या त्या गाठी

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मी इथे उभी राहते ती शाळेचा, वसतिगृहाचा आणि बचत गटांचा अहवाल घेऊन. तो यंदाही छापून तुमच्या हातात दिला आहे, म्हणून वाचून दाखवत नाही. आज मला दोन फोनांचे उत्तर द्यायचे आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकी काही जण सातपुड्यात आमच्या पाड्यांवर आले होते. रविवारच्या उपासनेत पुढच्या चटईवर एक भाऊ बसला होता. त्याच्या कपाळावर, नाकाच्या बाजूला आणि कानांच्या पाळ्यांवर डाग आणि खळगे होते. तुम्ही घरी परतलात आणि आठवड्याभरात मला दोन फोन आले. एका बहिणीने दबक्या आवाजात विचारले, "ताई, तो महारोगी होता का? आमचा नातू त्याच्याजवळ बसला होता." दुसऱ्या भावाने विचारले की प्रभुभोजनाचा प्याला त्याच्यानंतर आमच्याकडे आला, तर आता काही तपासणी करून घ्यावी का.

मला राग आला नाही. आतल्या आत भिऊन गप्प बसण्यापेक्षा विचारलेले बरे. पण फोनवर दोन वाक्यांत ते उत्तर देता येत नव्हते, कारण ते त्या भावाचे होते. मी त्याच्याकडे गेले, त्याला आणि त्याच्या बायकोला विचारले. ज्यांनी तुला पाहिले ते तुला ओळखतील, हेही स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "सांगा ताई. नाहीतर ते मला महारोगीच समजतील." मग त्याने कागदावर सही केली. एच.आय.व्ही. झालेल्या माणसाची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही. २०१७ चा तसा कायदाच आहे आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. म्हणून हे आधी सांगितले. नाव आणि पाडा मात्र मी सांगणार नाही.

तर उत्तर असे, की तो महारोग नव्हता. (आणि असता तरी औषध सुरू झालेल्या कुष्ठरुग्णापासून नातवाला भय नसते, ती औषधे सरकार फुकट देते.) त्या भावाच्या अंगावर जे उठले होते ते बुरशीमुळे उठले होते.

बुरशी म्हटले की आपल्याला शिळ्या भाकरीवरची, लोणच्याच्या बरणीतली, पावसाळ्यात चपलेच्या पट्ट्यावर येते ती बुरशी आठवते. अंगावरची बुरशीही आपल्या ओळखीची आहे. गजकर्ण, नायटा, छातीपाठीवरचे सुरमे, भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, हे सगळे बुरशीचेच प्रकार. ती चामडीच्या वरच्या थरात राहते, खाजवते, त्रास देते, पण माणूस मरत नाही. एवढेच सांगते, की दुकानातून 'खाज बंद करणारी' ट्यूब आणून लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. आमच्याकडे असे गजकर्ण कमरेपासून गळ्यापर्यंत चढलेले मी पाहिले आहे.

दुसरी बुरशी निराळी. ती बाहेरून अंगाला चिकटत नाही. श्वासाबरोबर फुप्फुसात जाते, तिथून रक्तात उतरते, मेंदूपर्यंत पोचते, आणि मग आतून बाहेर येऊन चामडीवर दिसते. धडधाकट माणसाच्या अंगात ती गेली तरी सहसा काही करू शकत नाही. शेतात मचाणावर राखण असली म्हणजे रानडुकरे बांधावरून परत फिरतात, तसे आहे हे. मचाण रिकामे झाले की मग एका रात्रीत शेत जाते.

हे मचाण रिकामे कसे होते? एच.आय.व्ही.ची औषधे न घेतल्याने. कॅन्सरच्या औषधांनी. मूत्रपिंड बदलल्यावर जन्मभर घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांनी. बेफाम वाढलेल्या साखरेने. आणि आमच्या भागातले एक कारण तुम्हाला शहरात ठाऊक नसेल. आठवडे बाजारात पेटी घेऊन बसणारे बोगस डॉक्टर गुडघेदुखीला, दम्याला, अशक्तपणाला एक पांढरी बारीक गोळी देतात. दुसऱ्या दिवशी म्हातारी उठून पाणी भरायला जाते. तोंडावर सूज येते, तिला लोक अंग भरले म्हणतात. ते स्टेरॉइड असते, आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर राखणदाराला झोप लागते.

आता त्या भावाची हकीकत.

तो आणि त्याची बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. तीन वर्षांपूर्वी त्याला एच.आय.व्ही. असल्याचे कळले, औषधे सुरू झाली, वजन वाढले, सगळे ठीक होते. मग एका हंगामात गोळ्या संपल्या. मुकादमाकडून उचल घेतलेली, मधेच टोळी सोडून आले तर हिशेब वाढतो. शिवाय टोळीत कोणाला माहीत नव्हते आणि त्याला माहीत होऊ द्यायचे नव्हते. त्याने ठरवले की हंगाम संपल्यावर बघू. पुढच्या वर्षीही तसेच झाले. बाहेरगावी कामाला जाणाऱ्याने आधी सांगितले तर केंद्रातून जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, किंवा तिथल्या जवळच्या केंद्रावर नाव बदलून घेता येते. हे त्याला कोणी नीट समजावले नव्हते.

दुसऱ्या हंगामात, माघात, कपाळावर दोन-तीन बारीक गाठी आल्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, मधे टोचल्यासारखा खळगा. खाज नाही, दुखणे नाही. पंधरा दिवसांत चेहरा भरला. फडात कोणी म्हणाले माता आली आहे, कडुलिंबाचा पाला बांधा. कोणी म्हणाले करणी आहे. पाड्यावर परतल्यावर बडव्याकडे नेले, कोंबडा गेला, नारळ गेले. बडव्याला मी इथे वाईट म्हणत नाही. त्याने निदान त्याचा हात हातात घेऊन नाडी पाहिली, तेवढे बाकी कोणी केले नव्हते. पुढे एका आरोग्य कार्यकर्त्याने कुष्ठरोगाची शंका घेतली. कानाच्या पाळीवर गाठी दिसल्या की ती शंका येणारच, आणि त्या मुलाने त्याला तपासणीला पाठवले हे चांगलेच झाले. त्या तपासणीत कुष्ठाचे जंतू निघाले नाहीत. मग सगळे थांबले. काय नाही ते कळले होते, काय आहे ते विचारायला कोणी उरले नव्हते.

बायको माझ्याकडे आली ती गाठींसाठी नाही. म्हणाली, "ताई, महिना झाला, डोकं दुखतंय म्हणून भिंतीला डोकं लावून बसतो. रात्री उलट्या करतो. काल मला ओळखलं नाही."

कृपा करून हे लक्षात ठेवा. गाठी आणि डोकेदुखी या दोन गोष्टी एकाच माणसाला, ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे अशाला झाल्या, तर ती एकाच रोगाची दोन टोके असू शकतात. तो रोग क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आणि कुजक्या लाकडात सापडते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांना ती जांभळाच्या आणि बकुळीच्या झाडांच्या ढोलीत सापडली. म्हणजे आपण सगळेच तिच्याजवळून रोज जातो. जांभळाखाली मुलांना जाऊ देऊ नका असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. राखण जागी असेल तर जांभळे खुशाल खावीत.

आम्ही त्याला जीपने खाली आणले, तिथून एस.टी.ने, पुढे रुग्णवाहिकेने मोठ्या सरकारी रुग्णालयात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर टाकले आणि दहा मिनिटांत बुरशीची खूण दिसली. गाठीचा मुगाएवढा तुकडा कापून तपासला, त्यातही तीच बुरशी. रक्तातल्या राखणदार पेशी मोजल्या, त्याला सीडी-४ म्हणतात. निरोगी माणसात त्या पाचशेच्या वर असतात. त्याच्या अडतीस होत्या.

मग डॉक्टर म्हणाले, पाठीतले पाणी काढावे लागेल.

आपल्या समाजात, आणि हे फक्त आदिवासींचे नाही, पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो किंवा मरतो असे पक्के समजतात. त्याचा मोठा भाऊ उठून उभा राहिला. म्हणाला, आम्ही घरी नेतो, मरायचे तर घरी मरेल. ते बोलणे दीड तास चालले. या बुरशीने मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढतो, तो डोळ्यांच्या नसा दाबतो, आणि माणूस आंधळा होतो किंवा बेशुद्ध पडतो. इथे सुई तपासणीसाठी असते आणि उपचारासाठीही. दाब उतरवायला ती पुन्हापुन्हा घालावी लागते. तिथली एक सिस्टर कामावरून सुटून घरी निघाली होती. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून मोठ्या भावाजवळ बाकावर बसली. तिने समजावले नाही. भरलेल्या रबरी नळीचे तोंड दाबून धरले की ती कशी टणक होते, एवढे हाताने दाखवले. शेतकऱ्याला मोटेची-नळीची भाषा कळते. त्याने अंगठा दिला. पहिल्या सुईनंतर संध्याकाळी त्या भावाने महिन्यात प्रथमच झोप घेतली आणि उठल्यावर बायकोला नावाने हाक मारली.

औषधाबद्दल थोडे सांगते. मुख्य औषध अँफोटेरिसिन. ते शिरेतूनच द्यावे लागते, मूत्रपिंडाला आणि रक्तातल्या क्षारांना त्रास देऊ शकते, म्हणून रोज रक्त तपासावे लागते. त्याच्या जोडीला आणि त्यानंतर महिनोन्‌महिने गोळ्या. ते औषध आले कुठून, तर व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जंतूपासून, १९५०च्या दशकात. त्याच्या थोडे आधी, १९५० साली, अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन बायकांनी असेच मातीतून बुरशीवरचे पहिले मोठे औषध, निस्टॅटिन, शोधले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीचे नमुने बरण्यांत भरून टपालाने एकमेकींकडे जात. त्या औषधाच्या हक्काचे एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक आले, ते सगळे दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. दानाच्या मेळाव्यात त्यांची नावे घ्यायला मला संकोच वाटत नाही.

अलीकडे २०२२ साली आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीवरून कळले, की सुधारित अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि बरोबर दोन आठवडे गोळ्या, एवढ्याने जुन्या लांबलचक उपचाराइतकाच गुण येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ते त्याच वर्षी स्वीकारले. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा मी लपवणार नाही. इतका चांगला उपचार मिळूनही दहा आठवड्यांत सुमारे चारांतला एक रुग्ण दगावला. ही माणसे उशिरा पोचतात आणि तोवर रोग मेंदूत गेलेला असतो, याचा त्यात मोठा वाटा आहे.

म्हणूनच सीडी-४ शंभराच्या खाली गेलेल्या प्रत्येकाच्या रक्तात ही बुरशी आधीच शोधावी, डोके दुखण्याची वाट पाहू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला मी हे तोंडपाठ करून घेतले आहे. रुग्णाला बरोबर घेऊन गेलात तर केंद्रावर विचारा, "क्रिप्टोकॉकसची रक्ततपासणी झाली का?" विचारल्याने कोणी रागवत नाही.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना सांगावी लागते. मेंदूत ही बुरशी असताना एच.आय.व्ही.ची औषधे लगेच सुरू करत नाहीत, साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. राखण एकदम जागी झाली तर दाटीच्या जागी जोराची झटापट होते आणि त्यातच माणूस जाऊ शकतो. मोठा भाऊ रोज विचारायचा, "मुख्य गोळ्या का देत नाहीत? पैसे खायचे आहेत का?" कारण कळल्यावर तो गप्प झाला, आणि पुढे त्याच वॉर्डात दुसऱ्यांच्या नातेवाइकांना तोच समजावू लागला.

आपला भाऊ वाचला. डाव्या डोळ्याने त्याला अंधुक दिसते, ते आता तसेच राहील. गाठी बसल्या, त्यांचे खळगे राहिले, तेच तुम्ही पाहिलेत. त्याच्या शेजारच्या खाटेवर दुसऱ्या तालुक्यातली एक बहीण होती, दोन लेकरांची आई. तिच्या गालांवर तशाच गाठी होत्या आणि तिला पाच महिने मुरमांचे मलम लावत होते. ती सहाव्या दिवशी गेली. तिला घरी न्यायला कोणी नव्हते, ते आम्ही केले.

आता प्याल्याचा प्रश्न. ही बुरशी माणसाकडून माणसाला लागत नाही. शेजारी बसल्याने, हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका प्याल्यातून घेतल्याने लागत नाही. एच.आय.व्ही.ही त्या वाटेने लागत नाही. तुमचे नातू सुखरूप आहेत आणि तुम्हीही. काही तपासणी नको.

पण हा प्रश्न पाहुण्यांनीच विचारला असे समजू नका. आमच्या पाड्यावरच्या मंडळीतही तो रुग्णालयातून आल्यावर दोन रविवार प्याला त्याच्यापाशी येऊन अडखळला. तिसऱ्या रविवारी तो स्वतःच मागे दाराशी जाऊन बसला. एका विधवा आजीने तिची गोधडी उचलली आणि दाराशी त्याच्या शेजारी टाकली. मग प्याला दाराशी न्यावाच लागला, तो आधी त्याने घेतला आणि मग आजीने. कोणी उपदेश केला नाही. तुम्ही आलात तोवर तो पुढच्या चटईवर परत आलेला होता.

धर्मशास्त्राची पदविका करताना लेवीयच्या पुस्तकाचे तेरा आणि चौदा अध्याय आम्हाला कंटाळवाणे वाटत. आता मी ते वारंवार वाचते. तिथे ज्याला आपल्या भाषांतरांत महारोग किंवा कोड म्हटले आहे, तो आजचा कुष्ठरोगच असेल असे नाही. कुष्ठाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ साली दाखवला. लेवीयमध्ये तर तोच शब्द लोकरीच्या कपड्यावरच्या आणि घराच्या भिंतीवरच्या हिरवट-तांबूस डागांनाही वापरला आहे. ती तर उघड बुरशीच असावी असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे त्या एका शब्दात कितीतरी निरनिराळे रोग कोंबलेले होते. आपणही 'महारोगी' म्हणताना तेच करतो. त्या अध्यायांत याजक काय करतो ते पाहा. तो बघतो. सात दिवस थांबून पुन्हा बघतो. केस पांढरा झाला का, डाग खोल आहे का, पसरला का, हे बारकाईने बघतो. आणि चौदाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो छावणीच्या बाहेर, जिथे तो माणूस आहे तिथे, चालत जातो. निकाल दुरून देत नाही. आमच्या रोगात सात दिवस थांबायला सवड नसते एवढाच फरक.

शहरात राहणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी सांगते, कारण हे फक्त डोंगरातले नाही. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' तुम्ही सगळ्यांनी ऐकली. ती म्युकर. बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्या बंद करते आणि मेलेले मांस काळे दिसते. तीच म्युकर कधी जखमेतून, भाजल्या जागेतून, अस्वच्छ सुईतून चामडीत शिरते. साखर खूप वाढलेल्या माणसाची जखम लाल होऊन दिवसा-दोन दिवसांत काळी पडत पसरू लागली, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. तिथे नुसते औषध पुरत नाही, मेलेला भाग कापून काढावा लागतो.

आणि आपल्या मंडळीत मणिपूर, मिझोरामचे जे तरुण शिकायला आणि कामाला येतात, त्यांच्यासाठी एक. टॅलारोमायसिस नावाची बुरशी आग्नेय आशियात आणि आपल्याकडे मणिपुरात आढळते. बांबूच्या मुळाशी राहणाऱ्या उंदरांत ती सापडते. मणिपुरातल्या एच.आय.व्ही. रुग्णांत ती असल्याचे १९९९ साली नोंदले गेले. तिच्या गाठीही अगदी तशाच, मधे खळगा असलेल्या. नुसत्या डोळ्यांनी क्रिप्टोकॉकस आणि ती वेगळी ओळखता येत नाही, तुकडा तपासावाच लागतो. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला ती चटकन सुचणार नाही. म्हणून "माझे घर मणिपुरात आहे" हे रुग्णाने आपणहून सांगावे. एच.आय.व्ही.बद्दल काहीही विचारायचे असेल तर १०९७ हा सरकारचा फुकट फोन आहे, नाव सांगावे लागत नाही.

शेवटी मागणे. आपण देणगी देता ती बहुतेक दिसणाऱ्या वस्तूंसाठी देता. छत, ब्लँकेट, पाण्याची टाकी. त्यांवर तुमच्या प्रियजनांची नावे लिहिता येतात आणि ते योग्यच आहे. या कामाला नाव लावता येईल अशी वस्तू नाही. औषधे सरकार देते. आम्हाला लागते ते जीपचे भाडे, एस.टी.चे तिकीट, बरोबर राहणाऱ्या माणसाचे जेवण, आणि बुडालेली मजुरी. आई-बाप दोघेही रुग्णालयात असतील तर घरच्या मुलांना वसतिगृहात काही आठवडे ठेवून घेणे. त्या भावाच्या वेळी सगळ्यांत महाग पडले ते महिनाभर कोणीतरी रोज खाटेजवळ असणे. बायको असती, पण घरी तान्हे मूल होते आणि तिला वॉर्डातले मराठी कळत नव्हते.

म्हणून पैशांआधी माणसे मागते. मोठ्या रुग्णालयाजवळ राहणारे, आठवड्यातून एक दिवस खाटेजवळ बसू शकणारे सहा जण हवे आहेत. सेवानिवृत्त असाल तर उत्तम. काही करायचे नसते. डबा द्यायचा, डॉक्टर काय म्हणाले ते लिहून ठेवायचे, नातेवाईक पाणी काढायला नाही म्हणाले तर मला फोन करायचा. नावे चहाच्या वेळी दाराजवळच्या टेबलावर आमच्या सिस्टरांकडे द्यावीत. पावरी किंवा भिली बोलता येत असेल तर नावापुढे तसे लिहा, तुम्हाला मी पहिल्यांदा बोलावीन.